असोद्याहून मालगुंड, मालगुंडहून वारे

दिल्लीच्या निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ-जळगावावरून जाते आणि पुढे कल्याण-पनवेल करत रत्नागिरीला पोचते, हे खानदेशातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. गाडीत गर्दी असते ती घरी निघालेल्या मल्याळी कुटुंबांची आणि सुटीवरच्या जवानांची. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण लांबीने सुरू झाली. त्याआधी जळगावच्या माणसाला रत्नागिरी गाठायची म्हणजे मुंबई किंवा पुणे गाठून एस.टी.च्या खिडकीशी घाटाची वळणं मोजत बसावं लागे. आता जळगावला चढायचं आणि रत्नागिरीला उतरायचं. रत्नागिरीच्या थोडं अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो, तेव्हा डब्यातली खानदेशी मंडळी गप्पा थांबवून खिडकीतल्या अंधाराकडे बघत बसतात, कारण त्यांच्या मुलखात रेल्वे अशी जमिनीच्या पोटात शिरत नाही.

दिवाळीच्या सुटीत असोद्याहून निघालेली मंडळी याच गाडीने आली. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा ठेचा आणि केळीचे वेफर. असोदा जळगावपासून सहा किलोमीटरवर. भरिताच्या वांग्यांसाठी आजूबाजूच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आणि साऱ्या महाराष्ट्रात बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून. मंडळीत केळीची बाग असलेले आबा, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, निवृत्त झालेले गुरुजी, कॉलेजात शिकणारा पुतण्या आणि मी. बेत साधा होता. गणपतीपुळ्याला गाडीने जाऊन दर्शन घेऊन परतायचं नाही. मालगुंडला मुक्काम करायचा, सकाळी निघायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे पायी जायचं, आरे-वारेपर्यंत. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास.

मालगुंड हे गुरुजींचं खूळ. त्यांच्या मते असोद्याचा माणूस कोकणात आला आणि मालगुंड न बघता गेला तर त्याने घरचं लग्न चुकवण्याइतका करंटेपणा केला. कारण मालगुंड हे कवी केशवसुतांचं जन्मगाव.

केशवसुतांचा, म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचा, जन्म ७ ऑक्टोबर १८६६ चा. त्यांच्या जन्मघराच्या जागी कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने स्मारक उभं केलं आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कोकणी वळणाचं बैठं घर, भोवती माडांची सावली, आवारात दगडावर कोरलेल्या कविता. आम्ही आदल्या संध्याकाळी गेलो. काकूंनी चपला काढून आत पाऊल टाकलं, देवळात टाकतात तसं. कविता वाचण्यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांनी भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि घर कुणी राखतं का, हे विचारून घेतलं.

खरी गंमत गुरुजींनी राखून ठेवली होती. केशवसुत आयुष्यातली काही वर्षं खानदेशात होते. मुंबईत प्लेग आला, तशी त्यांनी मुंबई सोडली. आधी भडगावच्या आणि मग फैजपूरच्या शाळेत त्यांनी शिक्षकी केली. १९०४ साली ते फैजपूर सोडून धारवाडच्या हायस्कुलात गेले आणि पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०५ ला, हुबळीला प्लेगनेच वारले. म्हणजे ‘तुतारी’ लिहिणारा कवी फैजपुरात पोरांना धडे देत होता, त्याच काळात पन्नास किलोमीटरच्या आत, जळगावच्या चौधरी वाड्यात असोद्याच्या महाजनांची विशीतली लेक बहिणाबाई सासरच्या संसारात दळण-कांडण करत ओव्या रचत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता लागण्याचं काही कारणच नव्हतं. एकाचं मासिकांत छापून येत होतं आणि दुसरीला अक्षरओळख नव्हती. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी जपलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा केशवसुतांना जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

कोकणातून खानदेशात मास्तर येण्याची ही रीतच म्हणायची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायला आले आणि खानदेशचे होऊन गेले. उलट्या दिशेने खानदेश कोकणात फारसा गेलाच नाही. गेला तो दर्शनाच्या बसने. सकाळी पुळे, दुपारी पावस, रात्री परतीचा रस्ता.

आमचे यजमान मालगुंडातच वाढलेले. आम्ही चालत जाणार म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “चालत? गाड्या काय संपल्या रत्नागिरीत?” मग मात्र त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वाटेबद्दलचा नव्हता. “उद्या तिथी कुठची?”

“पंचमी,” काकू म्हणाल्या. लाभपंचमी होती. खानदेशातल्या व्यापाऱ्यांच्या दुकानांत त्या दिवशी वह्यांची पूजा होते, ती विसरणं शक्य नव्हतं.

“मग पाचाचे पाऊणपट करा.”

आबांचं गणित तोंडी पक्कं. पाच पाउणे पावणेचार. यजमानांनी मान डोलावली. पावणेचारच्या सुमाराला भरती, पहाटे आणि पुन्हा दुपारी. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास समुद्र सगळ्यात मागे. मच्छीमार हाच हिशेब पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. वेळ थोडीफार इकडेतिकडे होते, पण चालणाऱ्याला तेवढं पुरतं. यामागचं कारणही सरळ आहे. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण येतं. समुद्र तेव्हा फार वर चढतो आणि फार मागेही हटतो. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ आडवी पडते आणि भरती-ओहोटीतलं अंतर कमी होतं, त्याला भांग म्हणतात.

आबांना हे ऐकून फार बरं वाटलं. खानदेशात पंचांग लग्नाला आणि पेरणीला लागतं. इथे ते समुद्राचं वेळापत्रक निघालं.

सकाळी सातला निघालो. मालगुंडच्या माडांच्या बागांमधून, जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारी अरुंद पाखाडी एकदम पुळणीवर येऊन संपते. समोर काही नाही, नुसतं पाणी. ओहोटी लागून तीन तास झाले होते. ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता, चालायला डांबरी रस्त्याइतका घट्ट. वरची कोरडी वाळू पाय खाते, हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं आणि मंडळी आपोआप पाण्याच्या कडेला सरकली. काकूंनी नऊवारीचा काचा वर खोचला आणि लाटेत उभ्या राहिल्या. लाट परत फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते, टाचा आत रुततात, तोल जातो. “अहो, हे तं पायाखालून जमीन वढून नेतं!” आबा दोन पावलं मागे उभे होते. त्यांची नजर क्षितिजावर. बराच वेळ बघून ते म्हणाले, “इतलं पानी, अन् एका वाफ्याले देता येत नही.”

ज्याच्या विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात खाली जातं आणि ज्याला बोअर किती फूट घेतली हे वयाइतकंच पाठ असतं, तो माणूस समुद्राबद्दल आणखी काय म्हणणार? तरी या पाण्याशी असोद्याचं अगदीच नातं नाही असं नाही. असोद्याच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांनी तापीला मिळतो. तापी बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे अरबी समुद्रात उतरते. भारतातल्या मोठ्या नद्यांपैकी नर्मदा, तापी, मही अशा मोजक्याच पश्चिमेला जातात. पुतण्याने हे सांगितल्यावर आबा म्हणाले, की मग हातनूरच्या धरणात जेवढं अडतं तेवढंच आपलं, बाकी यांचं. हातनूर १९८२ पासून भुसावळजवळ तापी अडवतं आहे. 

ओहोटीच्या पुळणीवर बघण्यासारखी गोष्ट पायाशी असते. पाणी मागे सरकताच वाळूला बारीक भोकं पडतात आणि प्रत्येक भोकातून नखाएवढा खेकडा वर येतो. तो तोंडाशी वाळू ओढतो, कणांवर चिकटलेलं खाद्य चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची बाजरीच्या दाण्याएवढी गोळी करून मागे टाकतो. गोळीमागून गोळी, भोकापासून बाहेर जाणाऱ्या ओळींत. चाहूल लागली की क्षणात बिळात. आम्ही बसून राहिलो तेव्हा पाच-सहा खेकडे पुन्हा कामाला लागले. एकेकाच्या बिळाभोवती शेकडो गोळ्यांची फुलं उमटली होती. दिवाळीतच हे पाहिल्यामुळे काकूंनी त्याला रांगोळी म्हटलं आणि मग त्या सबंध पुळणभर पाय वाचवत चालल्या. भरती आली की हे सगळं पुसलं जाणार आणि उद्या खेकडे पहिल्यापासून सुरू करणार. वाळूच्या वरच्या अंगाला मर्यादावेल पसरलेली होती, जाड दुभंगलेली पानं आणि जांभळी फुलं. ही वेल वाळू धरून ठेवते. जिथे ती उपटून खुर्च्या मांडल्या आहेत तिथे किनारा खचलेला दिसतो.

याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर रात्री येऊन अंडी घालू लागतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला हे काम सुरू केलं आणि मग एकेका गावाने ते उचललं. अंडी काढून विकणारे हात घरटी राखू लागले. आम्हाला कासव दिसलं नाही. दिसले ते पहाटे फेरी मारून परतणारे दोघे, हातात बांबूची काठी. त्यांनी आमच्या बॅटरीकडे बोट दाखवून बजावलं, की रात्री पुळणीवर हिचा उजेड पाडायचा नाही.

मालगुंड मागे पडतं तसा गणपतीपुळ्याचा डोंगर जवळ येतो. पुळ्याला देव डोंगरातच आहे, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. दगड बसवलेली एक किलोमीटरच्या आसपासची वाट, एका अंगाला टेकडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. माझ्या मते महाराष्ट्रातली सगळ्यात जास्त चालली गेलेली समुद्रकाठची पायवाट हीच. फरक एवढाच की तिला कुणी ट्रेल म्हणत नाही. आजीबाई चालतात, नवी जोडपी चालतात, कडेवर पोर घेतलेले बाप चालतात आणि कुणाच्या पायात बूट नसतात. शंभर पावलांवर मात्र दुसरंच चित्र. घोडागाड्या, उंट, पॅराशूट, कणसं, मोबाइलसमोर उड्या मारणारे पर्यटक.

आणि लाल झेंडे. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा भोळा नाही. तळ एकाएकी खोल होतो, परतीच्या पाण्याला ओढ आहे आणि इथे बुडून माणसं गेल्याच्या बातम्या वरचेवर येतात. त्यांत समुद्राची सवय नसलेले, घाटावरून आलेले तरुण असतात. नदीत पोहता येणाऱ्याला आपल्याला पोहता येतं असं वाटतं, तिथेच घात होतो. आमच्या पुतण्याला गिरणा नदीत पोहण्याचा अनुभव होता. आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने काढायला घेतलेला शर्ट परत घातला.

दर्शन घेतलं. दुपारच्या खिचडीच्या प्रसादाला थांबायचं तर ओहोटी हातची जाते, म्हणून दशम्या-चटणीवर भागवलं आणि निघालो.

पुळ्याच्या पुढे भंडारपुळे. गर्दी इथे येता येता विरते आणि समुद्र पुन्हा ऐकू येऊ लागतो. वाटेत एके ठिकाणी तारेचं कुंपण वाळूवर उतरलेलं होतं. पहारेकरी म्हणाला, पुढे खासगी आहे. गुरुजी आयुष्यभर नियम शिकवत आलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, की बाबा, भरतीचं पाणी कुठवर येतं? पहारेकऱ्याने कुंपणाच्या आतल्या बाजूची वाळलेल्या शेवाळाची रेघ दाखवली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्र आणि खाडी यांचा तळ सरकारच्या मालकीचा आहे. ती रेघ कुंपणाच्या आत असेल तर कुंपणच सरकारी जागेत उभं आहे. वाद न घालता आम्ही पाण्याच्या कडेने गेलो. ओहोटी होती म्हणून जाता आलं. भरतीला तिथे फक्त तार उरते.

भंडारपुळ्यानंतर पुळण संपते आणि सडा चढावा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर फुलांचे ताटवे असतात, नोव्हेंबरात गवत पिवळं पडून दगडाची काळपट पाठ दिसू लागते. रत्नागिरी जिल्ह्यात अशाच सड्यांवर उक्षीचा हत्ती, जांभरूण, कशेळी इथली कातळशिल्पं सापडली आहेत. काही गावकऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, जगाला अलीकडे कळली. आपल्या वाटेवर ती नाहीत, पण सड्यावरून चालताना नजर आपोआप पायाखालच्या खोदीव रेघा शोधू लागते.

इथे ऊन लागतं. समुद्र खाली निळा दिसत असतो आणि माथ्यावर सावलीचं एक झाड नाही. आबांना जळगावच्या मेमधल्या उन्हाचा अभिमान. त्यांनी कोकणच्या नोव्हेंबरची टर उडवायला घेतली होती, पण घामाने सदरा चिकटला तेव्हा गप्प झाले. हवेतल्या ओलीमुळे घाम वाळत नाही आणि दमणूक दुप्पट होते. खानदेशी माणसाने कोकणात पाण्याची बाटली एक जास्तीची घ्यावी. वाटेत विहीर दिसली तीही कोरडी होती. जळगावला वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर, तरीही उन्हाळ्यात कोकणातल्या वाड्यांना टँकर लागतो. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, पडलेलं पाणी दोन दिवसांत समुद्रात. आबा हे ऐकून थांबलेच. चौपट पाऊस आणि टँकर! त्यांच्या डोक्यातलं कोकण इथे थोडं हललं असावं. पुढचा अर्धा तास ते गडग्यांकडे, उताराला आडव्या घातलेल्या ताल्यांकडे आणि आंब्याच्या आळ्यांकडे बारकाईने बघत चालले. एका बागवाल्याला त्यांनी ठिबकचं विचारलं. त्या दोघांचं बोलणं आमच्या विश्रांतीपेक्षा लांबलं.

नेवऱ्याकडे उतरताना सुरूची झाडं लागतात आणि ती सावली अमृतासारखी वाटते. मोटारींसाठी हा किनारी रस्ता गेल्या काही वर्षांत फार प्रसिद्ध झाला आहे आणि त्याचं कारण वळणावर थांबलं की कळतं. डावीकडे डोंगर, उजवीकडे थेट खाली समुद्र. पण चालणाऱ्याला या रस्त्यावर जागा नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला कठडा, मधून गाड्या. रेवस ते रेडी सागरी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची. आता खाड्यांवर पूल बांधून तो जोडण्याची कामं हाती घेतली आहेत. पूल व्हायलाच हवेत, खाडीपलीकडच्या गावाला दवाखाना गाठायला वळसा पडतो तो टळेल. त्या रस्त्याच्या कडेने माणसाला चालायला चार फुटांचा पट्टा ठेवला तर खर्च असा कितीसा वाढणार आहे?

वेल्स हा आपल्या निम्म्या विदर्भाहूनही लहान देश. त्याने २०१२ साली आपल्या संपूर्ण किनाऱ्यावरून चालता येईल अशी अखंड पायवाट खुली केली, लांबी सुमारे १४०० किलोमीटर. नवी वाट फारशी पाडली नाही. मेंढपाळांच्या, कोळ्यांच्या, चर्चला जाणाऱ्यांच्या वाटा जोडल्या, खुणा लावल्या, फाटकं बसवली. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा धरला जातो. पाखाड्या, पुळणी, सडे, तरी, देवळांच्या वाटा हे सगळं इथे तयारच आहे. मालगुंडहून उत्तरेला गेलं तर जयगड, तिथून तवसाळची फेरीबोट, पलीकडे गुहागर तालुका. तुकडे आहेत, जोडणी नाही आणि खुणेचा एक दगडही नाही. आणि चालणं ही काही आपल्याला परक्यांकडून शिकायची गोष्ट नव्हे. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. आमच्या काकू तिच्याबरोबर गेलेल्या आहेत. म्हणूनच पंधरा किलोमीटर ऐकून त्यांनी विचारलं होतं, “बस, इतकंच?”

आऱ्याचा खाडीपूल आला तेव्हा दुपार कलली होती आणि खाडीत पाणी आत चढत होतं. पुलावर उभं राहिलं की भरती म्हणजे काय ते नीट दिसतं. नदी उलटी वाहते. समुद्राकडून येणारं पाणी मधोमध वेगाने आत जातं, कडेचं संथ सरकतं आणि दोन्हींच्या मधल्या शिवेवर फेस फिरत राहतो. एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याला वेळ विचारली तर त्याने घड्याळाऐवजी पुलाच्या खांबावरची ओल दाखवली आणि सांगितलं, अजून अर्धा तास चढेल. घड्याळात सव्वातीन वाजले होते. पाच पाउणे पावणेचार.

आरे आणि वारे हे दोन किनारे, मध्ये एक टेकडी. टेकडीच्या चढावरून मागे पाहिलं तर आऱ्याचा सुरूच्या कडेचा पट्टा, पुढे पाहिलं तर वाऱ्याचा. छायाचित्रं काढायला सगळे इथेच थांबतात आणि थांबावं अशीच जागा आहे. आम्ही मात्र बसलो ते रस्त्याच्या कडेला, शहाळीवाल्याच्या टोपल्यांपाशी. त्याने कोयत्याच्या तीन घावांत शहाळं उघडलं, चौथ्या घावाला त्याच्याच टवक्याचा चमचा करून दिला. पुतण्याने विचारलं, रोज किती? तो म्हणाला, रविवारी विचार. कोकणी माणसाकडून आकडा काढणं आणि खानदेशी माणसाला भरिताशिवाय जेवायला लावणं, दोन्ही सारखंच अवघड.

गुरुजींच्या मनात मात्र अजून मालगुंडचे केशवसुतच होते आणि त्यांच्या मागून आलेले बालकवी. भादली स्टेशन असोद्याच्या शेजारचं. तिथेच ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली गेले. धरणगावचे ठोंबरे. त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती १९०७ साली जळगावात भरलेल्या कविसंमेलनात आणि केशवसुतांनी पाडलेल्या वाटेनेच ते पुढे गेले. फैजपूर, जळगाव, असोदा, भादली, धरणगाव हा सगळा टापू एका दिवसात मोटारीने फिरता येतो. मालगुंडच्या शाळांच्या सहली तिकडे यायला हव्यात, असं गुरुजींचं म्हणणं. १९९० साली स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून बहिणाबाईंच्या नावाने ओळखलं जातं आणि जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत. बघण्यासारखं पुष्कळ आहे. जेवणाची सोय आम्ही करू, आबांनी मध्येच जाहीर केलं. भरीत, कळण्याची भाकरी आणि वांगी घरची.

रत्नागिरीची एस.टी. आली तेव्हा वाऱ्याची पुळण भरतीने अर्ध्याहून जास्त झाकली होती. सकाळी हाच पट्टा चालायला मोकळा मिळाला असता. म्हणून ज्यांना जायचं असेल त्यांनी एवढं करावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. शुद्ध किंवा वद्य चतुर्थी ते सप्तमीच्या दरम्यान निघावं, म्हणजे ओहोटी सकाळच्या चालण्याच्या वेळेत पडते. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि वाळूत चालणारी चप्पल घ्यावी. सड्यावरचा टप्पा दुपारी बाराच्या आत उरकावा, डांबरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या कडेने एकामागे एक चालावं आणि गणपतीपुळ्याला समुद्रात उतरू नये. जळगावहून गाडीचं आरक्षण दिवाळीत लवकर भरतं, ते आधी करून ठेवावं.